बिनकारणाचा आनंद

दाराची घंटा वाजली तेव्हा मंदाताई टेंबे चिवड्याच्या पुडीवरचा मोर कात्रीने कापत होत्या. चिकटवही त्यांनी घाईघाईने उशीखाली सारली; खळीची वाटी आणि बिनशेपटीचा मोर मात्र टेबलावरच राहिले.

दारात उकिडवे नावाचे आनंद-तपासनीस उभे होते. "आजी, तुमचा मनगटपट्टा रोज दुपारी आनंद कळवतोय आणि कारण काही सापडत नाही. टीव्ही बंद, खरेदी नाही."

"वयामुळे होत असेल हो," मंदाताई म्हणाल्या. छातीत नुसती धडधड चालली होती. पट्टा गप्पच होता. भीतीचं कारण तो कुणालाच विचारत नसे.

"कारण सापडलं नाही, तर तुम्हाला उपचार केंद्रात न्यावं लागेल," उकिडव्यांनी मायेने समजावलं. "आणि सापडलं, तर जप्त करावं लागेल."

मग आत येऊन, टेबलावरची खळी पाहून त्यांनी उशी उचलली आणि चिकटवही उघडली. बसची तिकिटं, साबणाची वेष्टनं, खणाचे तुकडे बघत ते एका अर्ध्या पानाशी थांबले.

"इथं काय येणार?"

"तो मोर. पण तुम्ही आल्यापासून माझा हात थरथरतोय. तुम्हीच लावा."

उकिडव्यांनी टेबलाशी बसून खळीत बोट बुडवलं. जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी मोर चिकटवला, तोही तिरकाच.

त्यांच्याच मनगटावर शिट्टी वाजली. "आनंद नोंदला. कारण सापडत नाही."

उकिडवे पांढरेफटक पडले. ते उठले, दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन कुजबुजले,

"आजी, याची शेपूट कुठाय?"