टोपीचोर

भरतीचं पाणी शेवंतीच्या पोटाला लागलं, तरी घोडी खाडीच्या चिखलातून उठेना. जवळची वाट म्हणून अंबाजीनंच तिला इथून घातलं होतं. त्यानं लगाम ओढून पाहिला, मान थोपटली, शिव्या घातल्या, शेवटी जन्मात पहिल्यांदा तिच्यावर चाबूक उगारला. तिनं नुसते डोळे मिटले. मग त्याला खेळ आठवला. काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या फेऱ्या संपल्या की ती रोज त्याची टोपी हिसकून पळायची, आणि तो लटक्या रागानं ओरडला की दुडक्या चालीनं येऊन टोपी त्याच्या हातात द्यायची. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "माझी टोपी कोनी न्हाय घ्यायची, काय!" बराच वेळ काहीच झालं नाही. मग मागे चिखल पचपचला, मानेवर गरम श्वास आला, आणि टोपी तोंडात धरून शेवंती त्याला ढकलून काठाकडे निघाली. "शाब्बास, बाय माझे," तो पुटपुटला आणि तिच्यामागे निघायला गेला. पाय हललेच नाहीत. एका जागी उभा राहून तो मांड्यांपर्यंत रुतला होता. पाणी छातीशी आलं. पलीकडे वाळूवर बाकीचे घोडेवाले पाठमोरे उभे होते. एका हाकेसरशी धावले असते. त्यानं तोंड उघडलं. काठावर शेवंती टोपी धरून, कान टवकारून, त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती. अंबाजीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.