पुसट हात

शाल्मलीने हातमोजा चढवला आणि पडद्यावरच्या नवऱ्याला म्हणाली, "हृषी, धर आता. आज माझी लाइन आहे."

हृषीकेश नॉर्वेला गेल्यापासून रोज संध्याकाळी दोघं अशाच हातमोज्यांतून एकमेकांचा हात धरायची. स्पर्श प्रकाशातून जायचा. कुठल्या बोटाचा दाब किती, ते सगळं प्रकाशाच्या कंपनांच्या दिशेत भरलेलं असायचं. पण समुद्राखालच्या जुन्या फायबरमध्ये ती दिशा भरकटायची, प्रकाशाचे स्पंद पसरून एकमेकांत मिसळायचे आणि त्याचा हात लोकरीच्या गुंड्यासारखा पोचायचा. तो सैल वाटला की ती फायबरला शिव्या घालायची. शेवटी तिनेच प्रयोगशाळेत नवं फायबर तयार केलं, आणि त्याची लाइन आज पहिल्यांदाच सुरू होत होती. त्याच्या गाभ्याला दोन बाजूंनी काचेच्या कांड्या ताणून धरत होत्या. त्यात दिशा ढळत नव्हती आणि स्पंदही पसरत नव्हते.

त्याने हात धरला. प्रत्येक बोट वेगळं कळलं, अंगठ्याचं नखसुद्धा. निघायच्या घाईतला पाहुणा खुर्चीच्या कडेला टेकतो, तशी ती बोटं टेकली होती.

"बाप रे, किती स्पष्ट!" तो म्हणाला. "शेजारीच बसल्यासारखं वाटतंय, नाही?"

"हो ना," ती म्हणाली. "थांब हं, इथे जरा गडबड दिसतेय. आजच्यापुरतं जुन्या लाइनवर घेते."

तिने लाइन बदलली. हात पुन्हा पुसट झाला, उबदार, कुणाचाही असू शकेल असा. शाल्मलीने तो घट्ट धरून ठेवला.