सोडायचा दिवस

“दार लाव! आधी दार लाव वं, पळून जाईल ना ती!”

सासूबाई पार्वताबाईंच्या ओरडण्यानं समीक्षाच्या हातातली दुधाची वाटी हिंदकळली. तांदळाच्या खोलीचं दार तिनं पाठीनंच ढकलून लावलं. पोत्यांच्या आड मांजर अंग चोरून बसली होती. उंदरांनी नाकी नऊ आणले म्हणून सासूबाईंनी ती गावातल्या शालीकरामच्या घरून मागून आणून या खोलीत कोंडली होती. तेव्हापासून फुलचूरच्या त्या घरात दुसरा विषयच नव्हता.

“नवीन जागा हाय तिले, घाबरून राहिली,” सासूबाई दाराबाहेरून सांगत होत्या. “हात नको लावू. तिच्या मनानं येऊ दे. अन् ते पोत्याचं फडकं धुवू नको बरं! जुन्या घरचा वास हाय त्याले. त्याच्यावरच झोप लागते तिले.”

समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या घरचा वास म्हणे! उन्हाळ्यात लग्न होऊन आली तेव्हा तिनं मायच्या लुगड्यांची गोधडी सोबत आणली होती. “हे जुनाट कायले आणलं?” म्हणत याच बाईनं ती माळ्यावर फेकली. पोरगी घाबरली असेल, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं होतं? दुसऱ्याच सकाळी अख्ख्या घराचा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडला.

तेही तिनं गिळलं. पण आता मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिकडे अर्जुनी मोरगावजवळच्या गावात माय काळा चष्मा लावून एकटी बसली होती. चुलीजवळ जायची तिला बंदी. शेजारीण देईल ते दोन घास खायची. समीक्षा रोज माहेरी जायचं विचारायची आणि सासूबाईंचं रोज एकच उत्तर मिळायचं, “आत्ता कुठं तुले घराची सवय लागून राहिली. माहेरी गेली का मन उडते.” राइस मिलमधून आलेला तिचा नवरा रत्नपाल वर म्हणायचा, “आई म्हणते ते आयक ना.” मोठा शहाणा! आईनं वाढलेल्या ताटावर बसून शहाणपण सांगायला याचं काय जातं?

रविवारी सकाळी सासूबाईंनी मांजरीपुढची वाटी उचलून घेतली.

“आज सोडू तिले.”

“दूध न देताच?” समीक्षानं विचारलं.

“सोडाच्या दिवशी उपाशीच सोडा लागते. पोट भरलं का भटकते. उपाशी असली का वाटी वाजवली तशी घरी येते. अन् आली, त समजाचं का आपली झाली.” सासूबाईंनी दार सताड उघडलं. “कोंडून ठेवून कोनी आपलं होते का बापा?”

समीक्षा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. बाईला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता!

मांजर उंबऱ्यावर थबकली आणि अंगणातल्या मोटारसायकलचं चाक हुंगून कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली. सासूबाईंचा जीव खालीवर झाला. थोड्या वेळानं त्यांनी चमच्यानं वाटी वाजवली. पुन्हा वाजवली. मांजर शेपटी वर करून धावत आली आणि थेट आत शिरली.

“पाहा! झाली का नाही आपली?” सासूबाईंचा चेहरा फुलला.

समीक्षा आत गेली. तिनं माळ्यावरची गोधडी काढली, झटकली आणि आपल्या पलंगावर नीट अंथरली. मग पिशवीत दोन साड्या कोंबून ती बाहेर आली आणि तिनं पायात चपला सरकवल्या.

“कुठं चालली वं? चहासुद्धा नाही घेतला अजून!”

“मायकडं.” दार तिनं उघडंच ठेवलं. “उपाशीच चालली, आई. ताट वाढून ठेवा, अन् वाटी वाजवून पाहा.”