जोडीदाराचा रकाना

"बसू का?" आलेल्या बाईने विचारलं.

"स्टूल एकच आहे," कवळीताई म्हणाली आणि त्यावर बसली.

दातांचे डॉक्टर तिला कवळीताई म्हणत, कारण त्यांच्या पेशंटांच्या कवळ्या तिच्याच हातून तयार होत. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवले होते. सातवा महिना उलटल्यापासून तिला टेबलाजवळ सरकता येत नव्हतं; अंग तिरकं करून, कडेकडेने काम उरकायची. लॅबचे मालक तयार कवळ्या पोचवायला गेले होते. दुपारचे चार वाजले होते, आणि नवऱ्याच्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट, जिचा आजवर फक्त फोटो पाहिला होता, ती समोर उभी होती.

"ताई, मी भांडायला आले नाही."

"'ताई' मला डॉक्टर म्हणतात. तुमचं काय काम आहे ते बोला."

रिसेप्शनिस्टने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "घटस्फोटाच्या कागदांवर तुम्ही सही करत नाही. कोर्टाच्या दोन तारखा गेल्या."

"करणार आहे. मूल झालं की दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात पेन घेऊन या हवं तर."

"तोवर मला उशीर होईल." पर्स जराशी बाजूला झाली. "मला चौथा महिना आहे."

कवळीताईने हातातली कवळी ग्राइंडरला लावली. घर्र आवाज झाला, गुलाबी भुकटी उडाली. गरज नसताना ती घासत राहिली. मशीन थांबलं तेव्हा कवळीची कड वाजवीपेक्षा पातळ झाली होती.

"मग माझ्या पोटावर पाय कशाला देताय?"

"कंपनीच्या विम्यात बायकोची जागा एकच असते. तुमची सही नाही तर आमचं लग्न नाही, आणि लग्न नाही तर माझं नाव चढत नाही. मला शुगर निघाली आहे. डॉक्टर म्हणतात, बाळंतपण साधं नसणार."

"माझं बी.पी. खाली यायला तयार नाही. सिझेरियन ठरल्यातच जमा आहे. आता सांगा, कोणाचं दुखणं मोठं?"

"तुम्ही कमावत्या आहात..."

"आणि तू तिथे माश्या मारतेस?" 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "तुझा स्वतःचा विमा कुठे गेला?"

"मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. आम्हाला नसतो."

"इथे मालक आणि मी, दोनच माणसं. इथे तरी कुठला आलाय!"

रिसेप्शनिस्ट म्हणाली, "तो सांगतो ते खरंच आहे. तुम्ही मुद्दाम अडवून धरलंय. सूड उगवताय."

कवळीताईने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "असं सांगतो? सांगू दे. नाव माझं आहे आणि मूल होईपर्यंत ते तसूभरही हलत नाही. थांब, तुझ्या कानावरच घालते."

तिने आपल्या पर्समधून विम्याचं कार्ड काढलं, त्यावरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून जबड्यांच्या मधोमध ठेवला. बराच वेळ पेटी वाजल्यासारखं संगीत वाजलं. मग एका मुलीने कार्डाचा नंबर आणि जन्मतारीख विचारून घेतली.

"दीड महिन्याने बाळंतपणासाठी भरती व्हायचंय," कवळीताई म्हणाली. "माझं नाव पक्कं आहे ना, एवढंच सांगा. जरा मोठ्याने सांगा."

पलीकडे बटणांचा आवाज झाला. "मॅडम, तुमचं कार्ड बंद झालंय."

"बंद कसं होईल? घटस्फोट झालेला नाही अजून."

"इथे कारण घटस्फोट असंच लिहिलंय. पॉलिसी ज्यांची आहे त्यांनीच कळवलंय. तीन महिने झाले."

कवळीताईने टेबलाची कड घट्ट धरली. रिसेप्शनिस्ट मात्र फोनवर वाकली. "मग त्या जागी दुसरं नाव घातलंय का, बघा ना." तिने स्वतःचं नाव सांगितलं. आडनाव त्याचं लावलं.

"दुसऱ्यांची माहिती देता येत नाही, मॅडम." मुलगी अडखळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण नाव शोधू नका. आता हा विमा एकट्याचाच आहे. जोडीदाराचा रकाना त्यांनी बंदच करून टाकलाय. आणखी काही मदत हवीय?"

फोन कट झाला.

"खोटं आहे," रिसेप्शनिस्ट म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "परवाच फॉर्म दाखवला त्याने. माझ्यासमोर भरला."

"भरला असेल. दिला कुठे?"

कवळीताई उठली. हात धुतले, ॲप्रन खुंटीला लावला, ग्राइंडरचं बटण बंद आहे ना ते पाहिलं.

"तू आली नसतीस तर मला हे थेट दवाखान्याच्या दारात कळलं असतं. पण म्हणून मी आभार मानेन असं समजू नकोस."

"मी मागितलेही नाहीत."

"ऑफिस कधी सुटतं?"

"पाचला. पण हल्ली तो आधीच सटकतो. मागच्या दाराने."

"ते दार तुला ठाऊक आहे?"

"आहे."

"मग दाखव."

कवळीताईने शटर ओढलं. वाकताना तिला धाप लागली, तरी रिसेप्शनिस्टने हात पुढे केला नाही आणि तिनेही मागितला नाही. फुटपाथवरून दोघी बरोबरीने निघाल्या, एकमेकींकडे न पाहता, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. समोरून येणारे लोक त्यांचे चेहरे पाहून कडेला सरत होते. त्या मधल्या जागेतून मात्र कोणी गेलं नाही.