बिनअक्षराचा कप्पा

कोरलीनं कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत धुळीचा थर साचला होता. ती फुंकर मारून तो उडवत होती आणि तिची धाकटी बहीण जनेल खिडकीपाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"बस की जरा. खेकडे धरायला गेलेला माणूस इतक्यात कशाला येतोय?"

"वारा फिरला तर येतो," जनेल म्हणाली.

नवी हार्ड डिस्क गार्थनं, जनेलच्या नवऱ्यानंच आणली होती. जुनी त्याच्या मासेमारीच्या व्हिडिओंनी गच्च भरली होती. कोरली अॅडलेडच्या एका शाळेत कॉम्प्युटर सांभाळायची. त्यामुळे ती पोर्ट पिरीला त्यांच्या घरी येणार म्हटल्यावर त्यानं डिस्क खोक्यासकट टेबलावर काढून ठेवली होती. सकाळी मेव्हणीशी चार शब्द हसून बोलून, बादली आणि जाळी घेऊन तो धक्क्यावर गेला होता.

कोरलीनं डिस्क बसवली, वायरी जोडल्या, मशीन चालू केलं. पडद्यावर एक लांब काळी पट्टी उमटली. ती नव्या डिस्कची रिकामी जागा.

"किती भाग करू?"

"दोन," जनेल म्हणाली. "एक मोठा, त्याच्यासाठी. आणि एक छोटा. दिसणार नाही असा."

कोरलीचा हात थांबला.

जनेल मागच्या अंगणात गेली आणि कपड्यांच्या चिमट्यांची टोपली घेऊन आली. तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक छोटा कॅमेरा होता. "माझा फोन तो रोज बघतो. आता हा कॅमेराही त्याला होडीवर न्यायचाय. ह्यातलं कुठंतरी हलवायला हवं."

कोरलीनं कॅमेऱ्यातले फोटो उघडले. पहिला काळ्यानिळ्या पडलेल्या दंडाचा होता. दुसरा मानेचा. तिसरा अंगाच्या कुठल्या भागाचा, ते तिला आधी कळेना. मग कळलं. सगळ्या फोटोंत मागे न्हाणीघराच्या त्याच हिरव्या फरशा होत्या.

"हे मी घेऊन जाते."

"नको. तुझ्याकडे गेले की ते खरं होईल."

कोरलीनं पट्टीचे दोन तुकडे केले. मोठ्याला डी हे अक्षर दिलं. छोट्यात फोटो टाकले आणि त्याचं अक्षर काढून घेतलं.

"अक्षर नसलं की मशीन तो भाग दाखवत नाही. कुणी मुद्दाम शोधायला बसलं तरच सापडेल."

जनेलनं मान हलवली. कॅमेऱ्यातले फोटो तिनं स्वतः पुसले. एकेक करून.

तेवढ्यात दारात गाडी वाजली. वारा फिरला होता.

गार्थनं बादली स्वयंपाकघरात ठेवली. आत खेकडे एकमेकांवर चढत होते, नांग्या पत्र्यावर घासत होत्या. त्यानं साबणानं हात धुतले, बोटं एकेक करून पुसली आणि खुर्चीत येऊन बसला.

"झालंसुद्धा? वा! मेव्हणी असावी तर अशी." त्यानं डी उघडला. "नऊशे जीबी?" त्यानं खोकं उचलून वाचलं. "इथं तर हजार लिहिलंय."

"सगळ्याच डिस्कचं असं असतं," कोरली म्हणाली. "कंपनीची मोजायची पद्धत वेगळी, मशीनची वेगळी. पडद्यावर कमीच दिसतं."

"अस्सं!" गार्थ मोठ्यानं हसला. "सांगितलंस ते बरं केलंस बाई. नाहीतर दुकानात जाऊन एखाद्याची मान धरली असती मी." बोलता बोलता त्यानं शेजारी उभ्या असलेल्या जनेलच्या मानेवर तळवा ठेवला. जनेल हलली नाही. तो हात काढेपर्यंत तिनं श्वासही घेतला नाही.

कोरलीनं पिशवी उचलली. आज मुक्काम कर, खेकडे खाऊन जा, असं गार्थनं दोनदा म्हणून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शाळा होती. जनेल तिला सोडायला अनवाणीच बाहेर आली.

कोरली गाडीत बसली. किल्ली फिरवणार, तोच उघड्या खिडकीतून गार्थचा आवाज आला. तो फोनवर एका मित्राशी बोलत होता.

"डेस, तूही हीच डिस्क घेतलीस ना रे? तुझ्याकडे किती दाखवतेय? ...अरे, उघडून बघ ना. थांबतो मी."

दोघी बहिणी जागच्या जागी थांबल्या. रस्त्यापलीकडे कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं.

"नऊशे एकतीस? नक्की? ...नाही रे, काही नाही. असंच विचारलं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ नुसताच माऊस टिकटिकत राहिला.

"जनेल," गार्थनं हाक मारली. आवाज अगदी मऊ होता. "आत ये गं जरा. एकटीच ये."

कोरलीनं वाकून शेजारचं दार आतून उघडलं.

जनेलनं घराकडे पाहिलं. मग खाली स्वतःच्या पायांकडे. "चपला आत आहेत माझ्या."

"राहू देत."

घरात खुर्ची मागे सरकली. जनेल गाडीत बसली. तिनं दार ओढून घ्यायच्या आधीच कोरलीनं गाडी रस्त्यावर काढली होती.

गाव संपलं, हमरस्ता लागला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली पिवळी रानं होती. जनेल दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून समोर बघत बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं मान न वळवता विचारलं, "मागं कोण आहे?"

कोरलीनं आरशात पाहिलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "अजून तरी."