एकेचाळीस पिढ्यांची शिळा

"अठ्ठावीस झाले. पुढचं नाव?" पाथरवटाने विचारलं. छिन्नी त्याच्या उजव्या हातात, हातोडी डाव्या.

पुतण्याने आत्याच्या पाठीशी उशी सरकवली. आत्या एकोणनव्वद वर्षांची. लग्न न करता उभा जन्म शाळेत घालवलेली. काल तिने पुतण्यालाच विचारलं होतं, "आपण कोण?" जेवलो की नाही हेही तिला आठवत नसे, पण घराण्याच्या एकेचाळीस पिढ्या मात्र घडाघडा मुखोद्गत. लहानपणी आजोबांनी तिच्याकडून पाठ करून घेतल्या असाव्यात, असं पुतण्या धरून चालला होता. जुन्या कागदपत्रांत कुठेच काही नव्हतं. ती गेली की वंश नुसता बोलण्यापुरता उरणार होता.

भाऊबंद तर तोंडावर म्हणत, "यांना ना आगा ना पीछा." परवा सगळं कूळ अंगणात जमणार होतं. शिळा उभी राहिली की त्यांची तोंडं आपोआप बंद!

आणि काय पूर्वज होते एकेक! मूळ पुरुषाबद्दल आत्या सांगायची, "नदीला पूर असला तरी पोहून यायचा. एक दिवस चुकला नाही." सातवा अंगात ताप असताना उभा राहिला. सतरावा आपला घास दुसऱ्याला देऊन स्वतः उपाशी राहायचा. पुतण्या हे पाहुण्यांना सांगताना गहिवरायचा. आपण कुणाच्या पोटी जन्मलो, या विचाराने त्याची छाती फुगायची.

प्रत्येक नावानंतर आत्या क्षणभर थांबून समोर बघायची. पूर्वजांना मान देण्याची ही तिची रीत पुतण्याला फार आवडायची.

पाथरवटालाही ती रीत भावली असावी. पहिली दहा नावं त्याने, पुतण्याने आत्याचं ऐकून उतरवलेल्या कागदावरून कोरली. मग कागद परत करून म्हणाला, "राहू द्या. त्यांच्या तोंडूनच ऐकतो." त्या दिवसापासून तो आत्याच्या समोर बसूनच कोरत होता.

"आत्या, एकोणतिसावा कसा होता गं?" पुतण्याने विचारलं.

आत्याचा चेहरा खुलला. "डावखुरा. हट्टी मेला! हातावर किती मार खाल्ला, पण हात काही बदलला नाही."

"तलवारीचा हात तो!" पुतण्या पाथरवटाकडे वळून म्हणाला. "घाव सोसले, पण शस्त्र सोडलं नाही."

पाथरवट खाली मान घालून दगडावरची धूळ पुसत होता.

"शेवटी मीच हरले," आत्या म्हणाली.

"दमलीस का? थोडी पड."

तिने हातानेच त्याला गप्प केलं. मग खणखणीत आवाजात एकोणतिसावं नाव घेतलं आणि समोर बघत थांबली.

पाथरवटाने हातोडी खाली ठेवली. साठी उलटलेला तो माणूस गुडघ्यावर हात टेकून उठला, दोन्ही हात अंगालगत सरळ धरून ताठ उभा राहिला आणि म्हणाला,

"हजर, बाई."