कोनी आत हाय का?

व्हिडिओ मोनालीच्याच फोनवर काढलेला होता. काल तेल्हारा रस्त्यावरच्या तिच्या केळी पिकवायच्या नव्या चेंबरची फीत कापायला भगवंतभाऊ आले होते. तालुक्याचे पुढारी. त्यांनी मान हलवली तरच शेतकरी तिच्याकडे माल उतरवणार.

आत केळी पिकवायचा गॅस सोडण्याआधी दाराशी उभं राहून तीनदा हाक मारायची, ही तिथली रीत. भाऊंनी ती ऐकली आणि त्यांना चेव आला. नाकाखाली दोन बोटं धरून त्यांनी हिटलरची मिशी केली, दुसरा हात पुढं ताठ उगारला आणि ओरडले, "कोनी आत हाय का? विरोधक असन तर राहू द्या! सोडा गॅस!" कामावरच्या बायांसकट सगळे खो खो हसले. मोनालीही हसली. रात्री भाऊंनी तो व्हिडिओ आपल्या फेसबुक पानावर टाकला.

सकाळी बघते तर गावोगावच्या लोकांनी भाऊंना नुसतं सोलून काढलं होतं. अमरावतीच्या कुण्या शिक्षिकेनं खाली एक जुना फोटो टाकला होता. लहान मुलांच्या बुटांचा ढीग. 'यांनाही गॅसच्या खोलीत कोंडलं होतं,' एवढंच लिहिलेलं. मोनालीनं फोटो मोठा करून पाहिला. आपण याला हसलो?

तेवढ्यात भाऊंचा फोन आला.

"मोनाली, त्याच्याखाली लिहून टाक, गंमत होती म्हून. तुह्या बायाबी हासल्या ना! लोकं काहून आग ओकून रायले, काई समजत नाई."

"हो भाऊ" अगदी ओठांवर आलं होतं. नाही म्हटलं तर जुना आणि नवा, दोन्ही चेंबर रिकामे पडतील, हे तिला कळत होतं.

समोरच्या चेंबरमध्ये केळीच्या क्रेटची थप्पी लागून झाली होती, आता गॅस सोडायचा होता. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "तानुबाई, आत एक नजर मारून या."

रोज हे काम करणारी तानुबाई जागची हलली नाही. "काल तूबी हासली व माय," ती हळूच म्हणाली. मग तिनं पायातली एक चप्पल काढली, दाराच्या फटीत घट्ट अडकवली आणि एका अनवाणी पायानं आत गेली.

मोनालीनं फोन कानाला लावला.

"मी नाई लिहीत, भाऊ."

"काहून?"

"तानुबाईनं दारात चप्पल अडकवली. मी बाहेरून दार लावीन, या भेवानं."